लडाखचे फोटो आणि घरची टकटकणारी डिस्क

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सप्टेंबरात बारा दिवस लडाखला जाताय. दोघांकडे एकेक कॅमेरा आणि फोन आहे, लॅपटॉप न्यायचा नाही. तिथे रोजचे फोटो कसे सांभाळायचे? शिवाय २००८ पासूनचे घरचे सगळे फोटो एकाच पोर्टेबल हार्ड डिस्कवर आहेत आणि ती हल्ली टकटक आवाज करते. यजमानांचं म्हणणं, "गूगल फोटोजमध्ये आहेत की सगळे, कशाला एवढी काळजी?"

लडाखला अजून दीड महिना आहे. डिस्कला तेवढा अवधी नाही, म्हणून आधी तिच्याबद्दल.

पोर्टेबल हार्ड डिस्कच्या आत चकत्या मिनिटाला साधारण ५,४०० वेळा फिरतात आणि त्यांच्यावर डेटा वाचणारं-लिहिणारं हेड तरंगत असतं, मधलं अंतर अवघं काही नॅनोमीटर. हेडला आपली जागा सापडली नाही की ते मागे जातं, पुन्हा प्रयत्न करतं. तुम्हाला ऐकू येणारी टकटक बहुतेक तीच असणार. अशी डिस्क चालू करायची प्रत्येक खेप शेवटची ठरू शकते. तेव्हा "बघू अजून चालते का" म्हणून ती रोज जोडू नका. आधी नवी डिस्क विकत आणा, ती टेबलावर तयार ठेवा आणि मगच जुनी जोडा.

फोल्डर अजून उघडत असतील तर सगळं एकदम ओढायला जाऊ नका. पुन्हा कधीच काढता येणार नाहीत असे फोटो आधी उचला: मुलांची पहिली वर्षं, आता नसलेली माणसं, मोडलेलं जुनं घर. सिनेमे, गाणी, फोनमधून आलेले व्हिडिओ शेवटी, किंवा नाहीच. डिस्क दुरुस्त करून देणारे प्रोग्रॅम या अवस्थेत चालवू नका, कारण ते चकती इंचाइंचाने वाचत सुटतात आणि खराब हेड तिच्यावर फिरत राहतं. डिस्क कॉम्प्युटरला दिसतच नसेल तर काढून ठेवा आणि डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्या, क्लीन रूम (धूळ नसलेली खोली) असलेल्या प्रयोगशाळेत द्या. देण्याआधी अंदाजे खर्च लिहून मागा आणि डिस्क साध्या टेबलावर उघडणार नाही असं कबूल करून घ्या. फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना उपाय कोणी सांगेल, तो करू नका. बाहेर काढल्यावर आतल्या चकत्यांवर दव धरतं.

आता यजमानांचं म्हणणं. ते अर्धं बरोबर आहे. गूगलवरची प्रत घराबाहेर असते, हा तिचा मोठा गुण. पण आज रात्री एकदा ॲप उघडून तीन गोष्टी बघा. पहिली, बॅकअप चालू आहे का. १ जून २०२१ पासून अमर्याद मोफत जागा बंद झाली. आता मोफत १५ जीबी मिळते आणि तीही जीमेल आणि ड्राइव्हसकट. जागा भरली की बॅकअप थांबतो, पण जुने फोटो दिसत राहतात, त्यामुळे घरात कुणाच्या ते लक्षात येत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचा बॅकअप असाच वर्ष-दोन वर्षं बंद पडलेला असतो. दुसरी, फोटो मूळ आकारात जातात की जागा वाचवायच्या सेटिंगमध्ये. त्या सेटिंगमध्ये फोटो दाबले जातात आणि १६ मेगापिक्सेलच्या वरचे लहानही केले जातात. तिसरी, डिलीट. बॅकअप झालेला फोटो ॲपमधून काढलात की तो फोनमधून आणि गूगलवरून असा दोन्हीकडून जातो. ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतो, मग कायमचा गेला. आयक्लाउड फोटोजचंही तसंच, तिथे ३० दिवस. म्हणजे ही तिजोरी नाही, आरसा आहे. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. आणि दोन वर्षं अजिबात न वापरलेलं खातं गूगल बंद करू शकतं, हेही घरातल्या वडीलधाऱ्यांच्या खात्यांबाबत ध्यानात असू द्या.

म्हणून गूगल ठेवा, पण तिसरी प्रत म्हणून. पहिल्या दोन तुमच्या हातातल्या.

आता लडाख. मी गेली बावीस वर्षं पुण्याहून हिमालयात फोटोग्राफीचे ग्रुप नेतो आणि निघण्याआधीच्या बैठकीत सगळ्यात आधी एकच सांगतो: फिरती हार्ड डिस्क घरी ठेवा. हेड चकतीवर तरंगतं ते हवेच्या गादीवर. हवा विरळ झाली की गादी पातळ होते आणि हेड चकतीला टेकायची भीती वाढते. म्हणून बहुतेक पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात चालवण्याची कमाल उंची १०,००० फूट, म्हणजे ३,०४८ मीटर दिलेली असते. लेह शहरच साधारण ३,५०० मीटरवर आहे, पँगाँग सरोवर ४,२०० च्या वर आणि खारदुंगला खिंड ५,३०० च्या वर. तुमचा जवळजवळ सगळा प्रवास त्या मर्यादेच्या वरचा. मर्यादा ओलांडली की डिस्क लगेच बंद पडते असं नाही, अनेकांच्या चालतातही. पण परतीचं विमान पकडायच्या आदल्या रात्री ती बंद पडलेली मी पाहिली आहे. एसएसडीत, म्हणजे चिपवर डेटा साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नसतं. तिला उंचीचा त्रास नाही, गाडीच्या धक्क्यांचा नाही, वजनही अगदी थोडं. तीच न्या, आणि एक नाही, दोन.

किती जागा लागेल? २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली) फाइल साधारण २५ ते ३० एमबी. दिवसाला ४०० फोटो धरले तर रोजचे १२ जीबी, बारा दिवसांचे १४५ च्या आसपास. दोन कॅमेऱ्यांचे ३०० जीबी झाले. व्हिडिओ मात्र सगळा हिशोब उलटवतो. १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) फोरके चित्रण केलं तर तासाला ४५ जीबी जातात. एक टीबीच्या दोन एसएसडी तुम्हाला पुरून उरतील.

कार्डं भरपूर घ्या, म्हणजे प्रवासात एकही पुसावं लागणार नाही. मूळ कार्ड ही तुमची पहिली प्रत, ती घरी पोचेपर्यंत जशीच्या तशी राहिली पाहिजे. कॅमेऱ्याला दोन स्लॉट असतील तर दोन्हींवर एकच फोटो जाईल असं सेटिंग ठेवा. कार्ड ओळखीच्या, पक्कं बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या. बाजारात नकली कार्डं असतात, वर १२८ लिहिलेलं आणि आत जागा ८ जीबीची. ती भरेपर्यंत कळत नाही आणि भरल्यानंतरचे फोटो कुठेच नसतात. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा मोफत प्रोग्रॅम कार्ड पूर्ण लिहून-वाचून खरी जागा सांगतो, नवं कार्ड त्यातून काढल्याशिवाय बॅगेत टाकू नका. भरलेलं कार्ड डबीत पालथं ठेवायचं, रिकामं उताणं. अंधारात, थंडीत बोटं बधिर झाली तरी ही खूण चुकत नाही.

लॅपटॉप नाही म्हणजे काम फोनवर. यूएसबी-सीचा एक हब घ्या ज्यात कार्डाची खाच आणि दोन-तीन यूएसबी जागा असतील. फोनला हब, हबला कार्ड आणि एसएसडी, फोनच्या फाइल्स ॲपमधून कार्डावरचं फोल्डर थेट एसएसडीवर कॉपी. एसएसडी एक्सफॅट नावाच्या मांडणीत फॉरमॅट करा, ती बहुतेक फोनना, विंडोजला आणि मॅकलाही वाचता येते. हे सगळं घरी, निघायच्या आठवडाभर आधी एकदा पूर्ण करून बघा. एखादा फोन एक्सफॅट ओळखत नाही, एखाद्या हबला वीज पुरत नाही, आणि हे पँगाँगच्या काठावर कळून उपयोग नसतो. एक काळजी मात्र घ्या. एक्सफॅटला मधेच वायर निघालेली सोसत नाही, फाइलींची पूर्ण यादी बिघडू शकते. कॉपी संपल्यावर "इजेक्ट" करून मगच काढा.

आणि कॉपी उघडून बघा. यावर मी थोडं थांबणार आहे, कारण यात मी स्वतः पोळलो आहे.

२०११ ला स्पितीत होतो. 'की' नावाच्या बौद्ध मठात सकाळची प्रार्थना, खिडकीतून तिरका प्रकाश, एक म्हातारे लामा लोण्याच्या दिव्यांची वात सारत होते. दोन कार्डं भरली. रात्री काझाच्या खोलीत ती कॉपी केली, पडद्यावर "पूर्ण झालं" असं आलं, आणि दुसऱ्या दिवसासाठी मी दोन्ही कार्डं फॉरमॅट केली. पुण्यात येऊन उघडलं तर तीनशेहून जास्त फाइली अर्धवट होत्या. छोट्या चित्रात सगळं ठीक दिसायचं, कारण ते छोटं चित्र फाइलच्या सुरुवातीला वेगळं साठवलेलं असतं. मोठं केलं की लामांच्या भुवयांपर्यंत फोटो आणि त्याखाली सपाट राखाडी पट्टा. वायर सैल होती. त्या कार्डांवर मी पुढचे चार दिवस नवे फोटो काढले होते, त्यामुळे परत मिळवायलाही काही उरलं नव्हतं. ते लामा पुढच्या खेपेला भेटले नाहीत.

तेव्हापासून रोज संध्याकाळी जेवणाआधी एवढं करतो: कार्डावरच्या आणि कॉपीतल्या फाइलींची संख्या जुळवायची, एकूण आकार जुळवायचा, मग पहिला, शेवटचा आणि मधले चार-पाच फोटो एसएसडीवरून उघडून पूर्ण मोठे करून बघायचे. पाच मिनिटांचं काम आहे. जेवणाआधी, कारण तंबूंच्या कॅम्पवर वीज बऱ्याचदा संध्याकाळचे काही तासच असते, आणि जेवल्यावर थकलेला माणूस झोपतो.

तुमच्या दोघांचे कॅमेरे एकाच कंपनीचे असतील तर आणखी एक धोका आहे. कॅमेरा फाइलींना नंबर देतो तो ९९९९ पर्यंत, मग पुन्हा १ पासून. दोघांच्या कॅमेऱ्यात एकाच नंबरची फाइल सहज निघते आणि एकाच फोल्डरमध्ये टाकताना एकाचा फोटो दुसऱ्यावर बसतो. प्रत्येक दिवसाच्या फोल्डरमध्ये दोघांचे वेगळे फोल्डर करा. नाव रोमन अक्षरांत, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग गाव. असं केलं की दहा वर्षांनीही यादी आपोआप तारखेनुसार लागते. निघताना दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं फोनशी लावून घ्या, म्हणजे घरी आल्यावर दोघांचे फोटो एका क्रमाने लागतील.

एक एसएसडी तुमच्या कमरेच्या पाउचमध्ये, दुसरी यजमानांच्या सॅकमध्ये, कार्डांची डबी तिसरीकडे. दोन प्रती एकाच बॅगेत असल्या तर ती बॅग टेम्पो ट्रॅव्हलरच्या टपावरून पडली की दोन्ही गेल्या. विमानात यातलं काहीही चेक-इनमध्ये देऊ नका. पॉवर बँक तर तिथे चालतच नाही. नेटवर भरवसा ठेवू नका: बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं, आणि लेह सोडलं की तेही अनेक ठिकाणी नसतं. लेहच्या हॉटेलात वायफाय बरं लागलं तर दिवसातले दहा निवडक फोटो चढवा, बाकीचं घरी आल्यावर. घरच्यांना व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो मोजू नका, ते बारीक होऊन जातात आणि तारीख-वेळेची माहितीही गळते. मूळ फाइल पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

चुकून कार्ड फॉरमॅट झालंच, तर ते त्या क्षणी कॅमेऱ्यातून काढा आणि त्यावर एकही नवा फोटो घेऊ नका. साध्या फॉरमॅटने बहुतेक वेळा फक्त यादी पुसली जाते, चित्रं वर काही लिहिलं जाईपर्यंत तिथेच असतात. फोटोरेक नावाचा मोफत प्रोग्रॅम ती शोधून काढतो. फाइलींची नावं मिळत नाहीत, फोटो बहुतेक मिळतात.

परत आल्यावर खरं लांब पल्ल्याचं काम सुरू होतं. पीटर क्रो या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा नियम सगळीकडे सांगतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. मला यातला शेवटचा एक सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि लोक नेमका तोच गाळतात.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीतल्या एका स्टुडिओवाल्या मित्राकडे चिखल उपसायला गेलो होतो. माणूस अत्यंत शिस्तीचा. प्रत्येक लग्नाच्या दोन प्रती, दोन वेगळ्या डिस्कवर, प्रत्येकीवर तारखेचं लेबल. दोन्ही डिस्क एकाच लोखंडी कपाटात, तळमजल्यावर. पाणी कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत चढलं होतं. आम्ही डिस्क बाहेर काढल्या तेव्हा यूएसबीच्या खाचेतून गाळ ओघळत होता. त्याच्या पंधरा वर्षांच्या कामातलं जे परत मिळालं ते गिऱ्हाइकांकडून. कुणी मिरजेहून पेन ड्राइव्ह आणून दिला, कुणी इस्लामपुराहून डीव्हीडी. त्याने कधी बॅकअप म्हणून दिलेल्या नव्हत्या त्या, पण त्या वेगळ्या गावात होत्या.

तुम्ही पुण्यात राहता आणि माहेर साताऱ्याला आहे असं लिहिलंय. हे फार सोयीचं आहे. चार टीबीच्या दोन सारख्या डिस्क घ्या (घरी, पुण्याच्या उंचीवर, फिरती हार्ड डिस्क चालेल आणि स्वस्तही पडेल). एक तुमच्याकडे, एक आईकडे. गणपतीला, दिवाळीला, मे महिन्यात जाल तेव्हा इथली ताजी डिस्क तिकडे आणि तिथली इकडे. कुरिअर नको, मासिक खर्च नको. क्लाउडला पूर्ण संग्रह चढवायचा असेल तर हिशोब करून ठेवा: ५० एमबीपीएसच्या अपलोडला एक टीबी चढायला जवळजवळ दोन दिवस-रात्र लागतात. एकदा ते झालं की पुढे थोडं थोडंच जातं. तसं करणार असाल तर उत्तम, पण साताऱ्याची डिस्क तरीही ठेवा.

डिस्क कॉम्प्युटरला कायम जोडून ठेवू नका. खंडणी मागणारे व्हायरस जोडलेली प्रत्येक डिस्क कुलूपबंद करतात. काम झालं की वायर काढा. कोकणात किंवा मुंबईत घर असतं तर हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवायला सांगितलं असतं, पुण्यातही पावसाळ्यापुरतं ते करा. एसएसडी मात्र वर्षानुवर्षं कपाटात टाकून ठेवायचं साधन नाही. तिच्यात डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो आणि वीज न मिळता पडून राहिली तर तो हळूहळू गळतो. लडाखच्या एसएसडी प्रवासासाठी, साठवणीला हार्ड डिस्क.

आणि तपासणी. आमच्याकडे खंडेनवमीला कॅमेरा, लेन्सा, ट्रायपॉड पाटावर मांडून हळदकुंकू वाहतो. त्यात मी सगळ्या डिस्कही मांडतो, आणि पूजा झाली की एकेक जोडून तपासतो. दिवस ठरलेला असला की चुकत नाही. तपासायचं कसं? प्रत्येक फाइलपासून गणिताने एक छोटा आकडा काढता येतो, त्याला चेकसम म्हणतात. तो फाइलच्या अंगठ्याचा ठसाच. फाइलमधला एक ठिपका जरी बदलला तरी ठसा जुळत नाही. पहिल्यांदा ठसे काढून जपायचे, दर वर्षी पुन्हा काढून जुळवायचे. विंडोजवर टेराकॉपी हे करतो, कॉपी करतानाही आणि नंतरही. मॅक किंवा लिनक्सवर आरसिंक आहे, तो ठसे जपत नाही पण दोन प्रती ठशांनी एकमेकींशी जुळवतो. ज्या प्रतीचा ठसा चुकेल ती फाइल दुसऱ्या प्रतीतून बदलायची. हे न करता नुसतं कॉपीवर कॉपी करत गेलं, तर बिघडलेली फाइलही इमानेइतबारे पुढे जात राहते. पाच वर्षं झाली की डिस्क चालू असली तरी नवी घ्या, जुनी जादा प्रत म्हणून ठेवा.

फॉरमॅटची फार चिंता करू नका. जेपेग १९९२ पासून आहे आणि इतक्या लोकांचे इतके फोटो त्यात आहेत की ते वाचणारं काहीतरी असणारच. रॉ फाइली ठेवा, पण जे फोटो खरोखर आवडलेत त्यांची पूर्ण झालेली, मूळ आकारातली जेपेग शेजारी ठेवा. रॉवर केलेलं काम पुष्कळदा एडिटिंग प्रोग्रॅमच्या यादीत असतं, फाइलमध्ये नाही, आणि तो प्रोग्रॅम तुमच्या मुलीकडे नसेल.

एक काम मात्र कोणतीच डिस्क करून देणार नाही. आमचा वाडा शनिवार पेठेत होता. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून पाणी शिरलं आणि आजोबांची फोटोंची पेटी गेली. आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो आज माझ्याकडे आहे तो नागपूरच्या आत्यामुळे. तिला एक प्रत टपालाने पाठवली होती. पोस्टकार्डाएवढा, कडा पिवळ्या पडलेला. मागे आत्याने पेन्सिलीने डावीकडून उजवीकडे अकरा जणांची नावं लिहिली आहेत, आणि बाराव्यापुढे नुसतं प्रश्नचिन्ह. त्याच घरातले दुसरे तीन फोटो मागे कोरे आहेत. स्कॅन अगदी स्वच्छ आलेत, पण त्यातल्या बायका कोण ते सांगणारं आता कुणी नाही.

फोटोच्या फाइलमध्येच वर्णनाचा रकाना असतो, मराठीत लिहिलं तरी चालतं, आणि नीट कॉपी केली तर ते फाइलबरोबर जातं. या रविवारी साताऱ्याला फोन लावा आणि २००८ च्या फोल्डरपासून आईला विचारायला सुरुवात करा. वीस फोटो एका बैठकीत होतात.